गर्दी होती, तरी दिवाळं का निघालं?

प्रश्न: बर्लिनमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं तिथल्या एका बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानाचे काही जुने फोटो पाठवले. झाडीत आडवे पडलेले डायनासोर, रुळांवर माजलेलं गवत आणि मधोमध भलाथोरला आकाशपाळणा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे उद्यान एका जत्रेवाल्या कुटुंबाचं होतं आणि मालक कोकेनच्या प्रकरणात अडकल्यामुळे ते बुडालं. पण एके काळी तिथं वर्षाला लाखो लोक येत, असंही तो सांगतो. माझी शंका अशी, की पाळणे एकदा विकत घेतले की पुढं खर्च तो काय, वीज आणि पगार. लाखो लोक तिकीट काढून आत येत असताना अशा धंद्याचं दिवाळं निघतंच कसं? आणि मालक बुडाला, तर राजधानीतली एवढी मोठी जागा दुसऱ्या कुणी लगेच का घेतली नाही?

उत्तर: तुमच्या भाच्यानं पाठवलेले फोटो श्प्रेपार्कचे आहेत. बर्लिनच्या आग्नेय भागात, श्प्रे नदीच्या काठी, प्लेंटरवाल्ड नावाच्या जंगलात सुमारे ३० हेक्टरांवर हे उद्यान पसरलं होतं. तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न आहेत, तेव्हा एकेक सोडवू.

त्याआधी भाच्याच्या हकिकतीत एक दुरुस्ती. कोकेनचं प्रकरण खरं आहे, पण त्यानं क्रम उलटा लावला आहे. उद्यानाची कंपनी दिवाळखोरीत गेली २००१ साली; कोकेन सापडलं २००३ साली. जे दोन वर्षांनी घडलं, ते बुडण्याचं कारण असू शकत नाही. खरं कारण बरंच साधं आहे. म्हणूनच ते कुणी सांगत नाही.

ते लाखो लोक कोणत्या काळातले?

हे उद्यान मुळात कुठल्याच कुटुंबाचं नव्हतं. ते पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारनं बांधलं. त्या देशाच्या स्थापनेला २० वर्षं होत होती, त्या निमित्तानं ऑक्टोबर १९६९ मध्ये ते ‘कुल्टुरपार्क’ या नावानं उघडलं. पूर्व जर्मनीतलं हे एकमेव कायमस्वरूपी मनोरंजन उद्यान. वर्षाला १७ लाखांपर्यंत लोक येत, हा जो आकडा सांगितला जातो तो त्या काळातला आहे.

आता त्या गर्दीचं गणित पाहा. पूर्व जर्मनीतल्या माणसाला पश्चिमेकडे मोकळेपणानं जाता येत नव्हतं. देशात दुसरं असं उद्यान नव्हतं. आत शिरल्यावर ज्या पाळण्यात बसायचं त्याचेच पैसे द्यायचे, त्यामुळे नातवाला घेऊन आलेली आजी स्वतः बाकावर बसून राहिली तरी तिच्या खिशाला फारशी झळ लागत नसे. आणि उद्यान सरकारी असल्यामुळे नफा झाला का, हा प्रश्न कुणाच्या झोपेआड येत नव्हता.

१९८९ साली देशाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनासाठी ४५ मीटर उंचीचा नवा आकाशपाळणा बसवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पुढच्या वर्षी तो देशच राहिला नाही. म्हणजे १७ लाखांची गर्दी ज्या परिस्थितीमुळे होत होती, ती परिस्थिती पाळण्याचा रंग वाळायच्या आत संपली. पुढचा मालक आला तो त्या गर्दीचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून.

जत्रेवाल्याचा हिशेब इथं का लागू पडला नाही?

१९९१ साली बर्लिनच्या सरकारनं उद्यान खाजगी हातात दिलं. ते मिळालं नॉर्बर्ट विटे यांच्या कंपनीला. विटे हे जातिवंत जत्रेवाल्या घराण्यातले. याच घराण्यातले ओटो विटे हे सर्कशीतले कसरतपटू. १९१३ मध्ये आपण तोतया राजपुत्र बनून पाच दिवस अल्बानियाचा राजा झालो होतो, असं ते आयुष्यभर सांगत. इतिहासकारांना त्याचा पुरावा सापडलेला नाही, पण हॅम्बुर्गमधल्या त्यांच्या थडग्यावर ‘अल्बानियाचा माजी राजा’ असं कोरलेलं मात्र आहे. नॉर्बर्ट यांचा स्वतःचा पूर्वेतिहास एवढा गमतीचा नव्हता. १९८१ साली हॅम्बुर्गच्या जत्रेत ते आपल्या राइडवर क्रेननं काम करत असताना ती क्रेन शेजारच्या फिरत्या पाळण्याच्या आड आली आणि सात माणसं दगावली. त्या प्रकरणात ते दोषी ठरले होते. तरीही दहा वर्षांनी करार झाला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते जत्रेवाला असणं. जत्रेवाला गर्दीच्या मागे जातो. जिथं जत्रा भरते तिथं आठ-दहा दिवस पाळणा लावायचा, जागेचं भाडं द्यायचं, गल्ला मोजायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. एखादं गाव फुकट गेलं, तर पुढचं गाव भरून काढतं. शिवाय तोच जुना पाळणा प्रत्येक गावाला नवाच असतो, कारण तो तिथं वर्षातून एकदाच दिसतो.

उद्यानाचं नेमकं उलटं. पाळणा जागचा हलत नाही. गर्दीनं त्याच्याकडे यायचं. आणि येणारी माणसं बहुतेक त्याच शहरातली. त्यांनी तो पाळणा गेल्या वर्षीही पाहिलेला असतो. त्यांना पुन्हा आणायचं तर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी मोठं आणि नवं लावावं लागतं. म्हणजे ‘पाळणे एकदा विकत घेतले की झालं’ हे तुमचं गृहीतक जत्रेला बऱ्यापैकी लागू आहे, उद्यानाला अजिबात नाही. उद्यानात खरेदी कधी संपतच नाही, आणि ती बहुधा कर्जातून होते.

विटे यांनीही खरेदी केली. पॅरिसजवळ १९८७ साली मिरापोलिस नावाचं उद्यान उघडलं होतं आणि १९९१ मध्ये ते बंद पडलं. तिथल्या काही राइड त्यांनी बर्लिनला आणल्या. पाण्यातून जाणाऱ्या होड्या, रोलर कोस्टर, अमेरिकी काउबॉयचं गाव, इंग्रजी धाटणीचं खेडं, डायनासोर असा सगळा संसार कोट्यवधी जर्मन मार्क ओतून उभा राहिला. जुनी राइड स्वस्त पडते, ही समजूतही तपासून घ्यावी. ती सोडवणं, वाहून नेणं, नवा पाया घालणं, पुन्हा जोडणं, सुरक्षेची तपासणी करून घेणं हा खर्च नव्या राइडइतकाच असतो. कमी असते ती फक्त मूळ किंमत. आणि एका बुडालेल्या उद्यानाच्या राइड विकत घेताना ते का बुडालं, याची चौकशी केलेली बरी.

गर्दी थोडी घटली की नफा एकदम कसा नाहीसा होतो?

इथं एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, श्प्रेपार्कचे नाहीत. समजा, एका उद्यानाचं तिकीट १,००० रुपये आहे. एक माणूस आत आला की त्याच्यापायी होणारा जादा खर्च २०० रुपये. म्हणजे माणशी ८०० रुपये हाती राहतात. पण उद्यानाचा एक खर्च असा, की तो माणूस आला न आला तरी करावाच लागतो: कर्जाचे हप्ते, जागेचं भाडं, विमा, तपासणी, देखभाल, रंगरंगोटी, कायम नोकरांचे पगार. हा समजा वर्षाला ६४ कोटी.

वर्षाला १० लाख लोक आले, तर हाती ८० कोटी येतात. ६४ कोटी वजा जाता १६ कोटी नफा. ८ लाख आले, तर बरोबर ६४ कोटी; नफा शून्य. ७ लाख आले, तर ५६ कोटी. तोटा ८ कोटी. लक्षात घ्या, १० लाखांचे ८ लाख झाले म्हणजे गर्दी फक्त पाचव्या हिश्शानं कमी झाली, पण नफा सगळाच गेला. दारात उभं राहून पाहणाऱ्याला ८ लाख काय आणि १० लाख काय, उद्यान गजबजलेलंच दिसतं. म्हणून नुसती गर्दी पाहून धंद्याची तब्येत कळत नाही.

आता श्प्रेपार्कचे खरे आकडे घ्या. एके काळचे १७ लाख, आणि शेवटच्या मोसमात, २००१ साली, सुमारे ४ लाख. वर मांडलेल्या हिशेबात ४ लाख घालून पाहिलेत, तर ठरलेल्या खर्चाचा निम्माच भाग भरून निघतो. शिवाय जर्मनीतली अशी उद्यानं साधारण वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंतच चालतात. हिवाळ्यात कुलूप. कर्जाच्या हप्त्याला मात्र हिवाळा नसतो.

पण गर्दी एवढी का घटली?

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, पण वेगळी काढता येतात.

पहिलं कारण स्पर्धा. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनकरांना सारं जग मोकळं झालं. पश्चिम जर्मनीतली मोठी उद्यानं होतीच, १९९२ साली पॅरिसजवळ डिस्नेचं उद्यान उघडलं. प्लेंटरवाल्डच्या पाळण्याची मक्तेदारी संपली. त्याच सुमारास पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडून लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे होते ते लांब जाऊ लागले आणि जे जवळ राहत होते त्यांच्याकडे पैसे उरले नाहीत.

दुसरं कारण तिकिटाचं. विटे यांनी प्रत्येक राइडचे वेगळे पैसे घेणं बंद करून दारातच एकरकमी तिकीट लावलं. मोठ्या उद्यानांची हीच रीत असल्यामुळे निर्णय वरवर शहाणपणाचा. पण आता बाकावर बसणाऱ्या आजीलाही पूर्ण पैसे पडू लागले. खर्च भागेना तसं तिकीट वाढत जाऊन शेवटी ३० मार्कांच्या घरात पोहोचलं. संध्याकाळी सहज फेरी मारायला येणारा शेजारपाजारचा माणूस एवढ्यासाठी येत नाही. तिकीट वाढवलं की माणसं घटतात, माणसं घटली की तिकीट वाढवावं लागतं. आणि पैसा अपुरा पडला की नवी राइड लांबणीवर पडते, म्हणून माणसं आणखी घटतात. या चक्रात सापडलेलं उद्यान बाहेरून पैसा आल्याशिवाय सुटत नाही.

तिसरं कारण गाड्या लावायच्या जागेचं, आणि ते दिसतं तेवढं क्षुल्लक नाही. जुन्या काळात लोक लोकल गाडीनं येत, कारण मोटारी थोड्यांकडेच होत्या. नव्या काळातलं कुटुंब मोटारीनं येणार. पण उद्यानाभोवतीचं जंगल संरक्षित क्षेत्र ठरलं आणि पुरेसा वाहनतळ करायला जागाच उरली नाही. ज्यानं आडरस्त्याला गाडी लावली त्याला परत येताना काचेवर दंडाची पावती मिळे. अशा माणसाला पुढच्या वर्षी आणणं कठीण. कंपनी आणि सरकार यांच्यात यावरून दीर्घकाळ वाद राहिला, आणि आपल्या अपयशाचं मोठं खापर विटे यांनी सरकारवरच फोडलं. त्यात तथ्य होतं, पण तेवढंच तथ्य होतं असं नाही.

या सगळ्याचा शेवट म्हणजे २००१ मधली दिवाळखोरी. मागे सुमारे १ कोटी १० लाख युरोंचं देणं उरलं.

मग कोकेन कुठून आलं?

दिवाळखोरीनंतर जानेवारी २००२ मध्ये विटे कुटुंब पेरू देशातल्या लिमा शहरी निघून गेलं. जाताना सहा राइड वीस कंटेनरांत भरून बरोबर नेल्या. दिवाळं निघालेल्या कंपनीचा माल असा समुद्रापार जाऊ दिला कसा, हे तुम्ही विचाराल. राइड दुरुस्तीला चालल्या आहेत, असं अधिकाऱ्यांना वाटलं होतं.

लिमामध्ये नवं उद्यान काढायचा बेत होता. हा पुन्हा जत्रेवाल्याचाच विचार: इथं गर्दी नाही ना, मग पाळणा सोडवा आणि दुसऱ्या गावी लावा. पण दुसरं गाव जगाच्या पलीकडच्या टोकाला होतं, भाषा परकी होती आणि गाठीशी पैसा नव्हता. तोही धंदा चालला नाही. अखेर ‘उडता गालिचा’ नावाची राइड जर्मनीला परत पाठवायची ठरली. तिच्या पोलादी खांबात दीडशे किलोंहून जास्त कोकेन लपवलेलं सापडलं. २००४ साली नॉर्बर्ट विटे यांना जर्मनीत सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या मुलाला २००६ साली पेरूच्या न्यायालयानं २० वर्षांची शिक्षा दिली. धंद्यातलं अपयश कंपनीपुरतं असतं तर ते दिवाळखोरीच्या कागदांबरोबर संपलं असतं. इथं कंपनी आणि घर एकच असल्यामुळे बापाचं ओझं मुलाच्या खांद्यावर आलं, आणि सगळ्यात जड शिक्षा त्यानंच भोगली.

जागा दुसऱ्या कुणी का घेतली नाही?

ओसाड जागा बेवारस असते, हा गैरसमज इथं दूर करू. श्प्रेपार्कला धनी एक सोडून तीन होते, तेच दुखणं होतं. जमीन बर्लिन शहराची. त्यावर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा हक्क बुडालेल्या कंपनीचा. आणि त्या हक्कावर कर्जाचा बोजा, म्हणजे बँकेचाही दावा. तो बोजा चढवायला शहरानंच संमती दिलेली असल्यामुळे शहराला अंग झटकता येईना. नव्यानं येणाऱ्याला आधी जुनं कर्ज निस्तरावं लागणार होतं, पुन्हा मनोरंजन उद्यानच चालवावं लागणार होतं, आणि वाहनतळाचा प्रश्न होता तिथंच होता. चौकशी करायला लोक आले. हिशेब पाहून परत गेले.

त्यामुळे बारा वर्षं जागा तशीच पडून राहिली. कुंपण ओलांडून आत शिरणारे हौशी छायाचित्रकार वाढले, ‘हॅना’ या २०११ च्या चित्रपटाचं चित्रीकरणही तिथं झालं. शेवटी २०१४ मध्ये शहरानं भाडेपट्ट्याचा हक्क परत विकत घेतला. त्याच वर्षी आग लागून काही बांधकाम जळालं. पुढं शहराच्या ‘ग्रून बर्लिन’ या संस्थेकडे काम सोपवलं गेलं. कला, निसर्ग आणि जुन्या अवशेषांची सांगड घालणारं उद्यान करायची योजना आहे. आकाशपाळणा दुरुस्त करून पुन्हा उभारण्यासाठी २०२१ साली उतरवला गेला, भाच्याच्या जुन्या फोटोंत तो उभा दिसतो, कारण ते त्याआधीचे असणार. या सगळ्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून. म्हणजे सरकारी उद्यान खाजगी झालं, बुडालं आणि फिरून सरकारी झालं. मधल्या काळातला तोटा करदात्यांच्या वाट्याला आला.

मग असा धंदा कुटुंबानं करूच नये का?

असा निष्कर्ष काढायची घाई नको, कारण त्याच जर्मनीत उलट उदाहरण आहे. नैऋत्य जर्मनीतल्या रुस्ट गावचं युरोपा-पार्क माक कुटुंबाचं आहे. १९७५ साली ते उघडलं आणि आज वर्षाला ५० लाखांहून जास्त लोक तिथं येतात. माक घराणं १७८० पासून आधी गाड्या आणि मग जत्रेच्या राइड बनवण्याच्या धंद्यात आहे. म्हणजे विटे यांच्यासारखेच तेही जत्रेच्याच जगातले.

फरक तीन ठिकाणी आहे. एक, राइड त्यांच्याच कारखान्यात बनतात. उद्यान काढलं तेच मुळात गिऱ्हाइकांना आपला माल चालू स्थितीत दाखवता यावा म्हणून. नव्या राइडसाठी दुसऱ्याच्या बुडालेल्या उद्यानात शोधाशोध करावी लागत नाही. दोन, १९९५ पासून त्यांनी स्वतःची हॉटेलं बांधली. मुक्कामाला येणारं कुटुंब तिकिटापलीकडे खोलीचं भाडं आणि दोन वेळच्या जेवणाचे पैसे देतं, म्हणून एका तिकिटावर सगळा भार पडत नाही. तीन, वाईट वर्ष सोसायची ताकद. २०१८ मध्ये त्यांच्या उद्यानात मोठी आग लागली, एक जुनी लोकप्रिय राइड जळून गेली. दोन वर्षांनी ती नव्यानं बांधून पुन्हा सुरू झाली. कर्जात बुडालेल्या उद्यानाचा अशा आगीत शेवटच झाला असता.

तेव्हा भाच्याला कळवा, की श्प्रेपार्क कोकेनमुळे बुडालं नाही. वाढतं कर्ज, घटती गर्दी, परक्याची जमीन आणि जत्रेच्या हिशेबानं चालवलेला बारमाही खर्च, या चौघांनी मिळून ते बुडवलं. आणि पुढच्या वेळी एखाद्या उद्यानात तुम्हाला रांगेत तासभर ताटकळावं लागलं, तर मालक गब्बर असणार असं लगेच समजू नका. शेवटची नवी राइड कधी लागली आणि ती कर्जावर की गल्ल्यातून, हे कुणाकडून कळलं तर पाहा. उद्यानाची तब्येत रांगेपेक्षा त्या उत्तरातून जास्त कळते.